दारासाठी बारा ब्लॉक की एकच डायनॅमिक?

रेघोट्या: आमच्या ऑटोकॅडच्या (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) लायब्ररीत एकाच दाराचे बारा ब्लॉक, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायची तयार चित्रं, आहेत. रुंदी ७५०, ९०० आणि १२०० मिलिमीटर. प्रत्येकी डावं-उजवं, आत-बाहेर उघडणारं. ऑटोकॅडमध्ये डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे टाकल्यावरही माप-दिशा बदलता येणारे, २००६च्या आवृत्तीत आले, तरी आम्ही अजून नावं शोधत बसतो. माझं मत: बाराही मोडीत काढा. एक लिनियर पॅरामीटर (लांबी बदलायची सोय), त्याच्या यादीत ही तीनच मापं, वर दोन फ्लिप (दिशा उलटवायला). संपलं.

मोजपट्टी: बारा कशाला लागतात? साध्या ब्लॉकला मिरर मारा (आरशासारखा उलटवा), डावं-उजवं आणि आत-बाहेर दोन्ही सुटतं. उरले तीन. तीन ब्लॉकसाठी ब्लॉक एडिटरमध्ये दुपार घालवायची?

रेघोट्या: मिररचं मान्य, इथे बोलती बंद. पण ९००चं दार १२००चं करायचं झालं तर तुम्ही ते उडवून दुसरं टाकणार. मी ग्रिप, म्हणजे ब्लॉकवरची ओढायची खूण, ओढणार.

मोजपट्टी: ओढा, पण फळी बघा! आमच्याकडे एकाने आर्कबरोबर (दार फिरतं ती कमान) फळीलाही स्केल ॲक्शन लावली, म्हणजे सगळ्या बाजूंनी मोठं करणारी. ९००चं दार १२००चं केलं आणि ४० जाडीची फळी ५३ची झाली. प्लॉट हातात आल्यावर कळलं.

रेघोट्या: तो ब्लॉक बनवणाऱ्याचा घोळ. फळीला स्ट्रेच (फक्त लांबी ताणणारी) आणि स्केल फक्त आर्कला, एवढंच पाळायचं होतं.

लेअर_शून्य: दोघांनीही मोजणीचा विषय काढला नाही. ग्रिप ओढली की त्या दाराचं आतलं नाव बदलून तारांकित यू आणि आकडा असं होतं. आमची जुनी लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) ब्लॉकच्या नावावरून दारं मोजायची. बदललेली सगळी तिने गाळली. इफेक्टिव्ह नेम, म्हणजे ब्लॉकचं मूळ नाव, वाचायला शिकवली, मग आकडा जुळला. डेटा एक्स्ट्रॅक्शनला (ऑटोकॅडची यादी काढायची सोय) मूळ नाव कळतं. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार असेल तर रेषा दिसतील, ग्रिप चालतीलच असं नाही.

मोजपट्टी: हेच म्हणतोय. शिवाय कमोड, बेसिन यांची मापं कंपनीने ठरवलेली. त्यांना ग्रिप दिली की कोणीतरी ओढणारच.

रेघोट्या: कमोड साधेच ठेवा, मी कुठे नाही म्हणतोय? दार मात्र डायनॅमिकच करणार. लेअर_शून्य, ती लिस्पमधली दुरुस्त केलेली ओळ इथे टाकता का?