नववीला गोलाची भूमिती आकाशातून शिकवायची आहे: साधने आणि क्रम सुचवा

प्रश्न
पाठ्यपुस्तकात गोल येतो तो पृष्ठफळ-घनफळाच्या सूत्रांपुरता. बृहद्वृत्त (गोलाचे दोन समान भाग करणारे वर्तुळ) आणि गोलीय त्रिकोण (अशा तीन वर्तुळांच्या कंसांनी बनलेला) खगोलातून तीन तासिकांत घ्यायचे आहेत; शाळा पुण्यातली. स्त्री-खगोलशास्त्रज्ञ नुसत्या तक्त्यावर टांगायच्या नाहीत, त्यांचे काम याच गणिताला जोडायचे आहे. फुग्यावर त्रिकोण काढले तर कोनांची बेरीज कधी २००, कधी १७० येते. काय चुकतंय?

उत्तर १
फुगा सोडा, तो लांबट असतो. ७२ सेंमी परिघाचा (व्यास साधारण २३) प्लास्टिकचा चेंडू घ्या, म्हणजे एक अंश बरोबर २ मिमी. रबरबँड घसरतात, म्हणून रेघेसाठी ५ मिमी रुंद कागदी पट्टी ताणून लावा. दोन्ही कडा चिकटून बसल्या तर ते बृहद्वृत्त. एक कड उचलली गेली तर पट्टी भरकटली.

तुमचे १७० बहुधा लहान त्रिकोणांमुळे. ४ सेंमी बाजूंच्या त्रिकोणात बेरीज १८० पेक्षा जेमतेम ३ अंश जास्त असते, ती मोजणीच्या चुकीत हरवते. १२ सेंमी बाजू घ्या: प्रत्येक कोन सुमारे ७०.५, बेरीज २११-२१२. कोनमापक ट्रेसिंग पेपरवर दीड सेंमी त्रिज्येचा काढा आणि शिरोबिंदूजवळच वाचा, मोठा चेंडूवर बसतच नाही.

मग १८ सेंमी बाजूंचा त्रिकोण: तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. १८० पेक्षा जादा ९० ला ७२० ने (पूर्ण गोलाच्या जादा अंशांनी) भागा, पृष्ठफळाचा आठवा भाग. असे आठ तुकडे मुलांना चेंडूवर मोजू द्या.

उत्तर २
दुसऱ्या तासिकेला कॅरोलिन हर्शेल घ्या. १ ऑगस्ट १७८६ ला तिने धूमकेतू शोधला हे सगळे सांगतात. गणिताच्या वर्गाला उपयोगी आहे ते १८२८ चे रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक. ते मिळाले भावाने शोधलेल्या सुमारे २५०० तेजोमेघांची ध्रुवापासूनच्या अंतरानुसार पट्ट्यांत मांडणी केल्याबद्दल. हे पट्टे चेंडूवर आखायला लावा. विषुववृत्तावर विषुवांशाचा (आकाशातले रेखांश, तासांत मोजलेले) एक तास म्हणजे १५ अंश, ६० अंश क्रांतीवर (क्रांती म्हणजे आकाशातले अक्षांश) तेवढाच तास साडेसात अंश. विषुवांशातला फरक म्हणजेच अंतर, अशी मुलांची पक्की समजूत असते. ती मोडायला ६० अंश क्रांतीवर समोरासमोरचे दोन तारे द्या: समांतर वर्तुळावरून १८ सेंमी, ध्रुवावरून १२.

उत्तर ३
तिसरी तासिका पुण्याच्या आकाशाला द्या. अक्षांश १८.५, म्हणून ध्रुवतारा क्षितिजावर साधारण तेवढाच वर. रोहिणीची क्रांती १६.५, जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास ती खस्वस्तिकाच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या) दक्षिणेला दोन अंशांवर येते. हात ताणून धरलेल्या अंगठ्याची रुंदीही तेवढीच, आणि चेंडूवर ४ मिमी. स्वाती आणखी जवळून जाते, पण मेमध्ये सुट्टी आणि जूनमध्ये ढग, त्यामुळे शाळेला रोहिणीच सोयीची.

प्रश्नकर्ता
चेंडू सहा मुलांत एक पुरेल का?

उत्तर १
चार मुलांत एक. दोघे पट्टी धरतात, एक आखतो, एक मोजतो. पाचव्याला काम उरत नाही. चेंडू डुगडुगू नये म्हणून खाली वाटी किंवा चुंबळ ठेवा.