दोन-तीन वर्षांत संपलेले पंक बँड आणि त्यांचे शब्द

मध्यलय:
नमस्कार. पंक रॉक या वेगवान, बंडखोर रॉक संगीताशी माझी ओळख फार उशिरा झाली आणि ती झाली 'ऑपरेशन आयव्ही' या कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या बँडमुळे. हे चौघे १९८७ च्या मे महिन्यात एकत्र आले आणि १९८९ च्या मे महिन्यात वेगळेही झाले. मागे उरला तो 'एनर्जी' हा एकच पूर्ण अल्बम. त्यात एकोणीस गाणी आहेत, आणि पंकचा वेग व जमैकाच्या स्का संगीताचा उसळता ठेका त्यांत असा मिसळला आहे की पहिल्यांदा ऐकताना शब्द हाती लागतच नाहीत. म्हणून मी गाणे थांबवत, मागे नेत, एकेक ओळ वहीत उतरवून घेतली. जेसी मायकल्सने गायलेले ते शब्द कागदावर पाहिले तेव्हा मी थक्क झालो. वरून रागीट वाटणाऱ्या त्या आवाजात आपसांत भांडणाऱ्या तरुणांना केलेली एकजुटीची विनवणी होती आणि आपल्याला फारसे काही कळत नाही याची मोकळी कबुली होती. बँडचे नावसुद्धा अमेरिकेने १९५२ मध्ये केलेल्या अणुचाचण्यांच्या मालिकेवरून घेतलेले आहे. पहिला मोठा हायड्रोजन स्फोट त्याच मालिकेतला.

पुढे वॉशिंग्टनचा 'मायनर थ्रेट' आणि लंडनचा 'एक्स-रे स्पेक्स' ऐकले. तेही तीनेक वर्षांतच संपलेले. समाजाविषयी इतक्या तळमळीने बोलणारे बँड इतक्या लवकर का विझतात? त्या शब्दांचाच भार त्यांना पेलत नाही का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खर्ज:
आपण शब्द वहीत उतरवून घेतलेत हे वाचून फार बरे वाटले. माझ्या मते कारण शब्दांच्या भारात नाही. हे बँड ज्या रीतीने उभे राहत, त्या रीतीतच त्यांचे अल्पायुष्य दडलेले होते.

वॉशिंग्टनचेच उदाहरण घेऊ. 'मायनर थ्रेट'च्या आधी इयन मकाय आणि जेफ नेल्सन हे 'टीन आयडल्स' या बँडमध्ये होते. शाळकरी वयाच्या आसपासची ही मुले. कार्यक्रमांतून मिळालेले पैसे त्यांनी वाटून न घेता साठवले आणि बँड मोडताना त्या पैशांतून आपल्या गाण्यांची एक छोटी तबकडी काढायचे ठरवले. त्यासाठी 'डिसकॉर्ड' ही तबकड्या काढणारी संस्था त्यांनी स्वतःच सुरू केली. तबकडीचे वेष्टन कसे तयार करतात हे ठाऊक नव्हते, म्हणून एका तबकडीचे वेष्टन उकलून, सपाट करून त्याचा आराखडा घेतला, तसे कागद छापून आणले आणि मग मित्रमंडळींनी बसून ते कात्रीने कापले, घड्या घातल्या, गोंदाने चिकटवले. अशा हजार प्रती. १९८० च्या डिसेंबरात ती तबकडी बाहेर आली तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता! 'डिसकॉर्ड' मात्र आजही चालू आहे. त्या मुलांनी बँडला पोटापाण्याचा धंदा मानलेच नव्हते. म्हणून सांगण्यासारखे सांगून झाले किंवा एकमेकांच्या आवडी वेगळ्या झाल्या, की बँड ओढत नेण्याचे कारण उरत नसे. १९८३ मध्ये 'मायनर थ्रेट' थांबला तोही संगीताच्या दिशेवरून मतभेद झाले म्हणून.

आपल्या 'ऑपरेशन आयव्ही'ला घडवणारी जागाही अशीच होती. बर्कलीतील ९२४ गिल्मन स्ट्रीट हे सभागृह १९८६ च्या अखेरच्या रात्री सुरू झाले. स्वयंसेवकांनी चालवलेले, दारूला मज्जाव असलेले, हाणामारी, वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष यांना दारातच अडवणारे. गाण्यात एकजुटीची भाषा करणाऱ्या मुलांना ती जगून पाहण्यासाठी प्रत्यक्ष चार भिंती मिळाल्या, हे मला त्या अल्बमइतकेच महत्त्वाचे वाटते. मोठ्या कंपन्यांशी करार केलेल्या बँडना तेथे मंच मिळत नसे. तेथेच वाढलेल्या 'ग्रीन डे'लाही त्यामुळे कित्येक वर्षे बाहेर राहावे लागले. अशा वातावरणात गर्दी वाढू लागली की आनंदासोबत अस्वस्थताही येणारच. 'ऑपरेशन आयव्ही' नेमका त्याच टप्प्यावर थांबला.

झिम्मा:
खर्ज यांचे म्हणणे अमेरिकेपुरते पटते. 'एक्स-रे स्पेक्स'ची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मला अधिक जवळची वाटते.

पॉली स्टायरीन हे गायिकेने स्वतः घेतलेले नाव, चक्क एका प्लॅस्टिकचे. वडील सोमालियाचे, आई ब्रिटिश; गोऱ्या पुरुषांनी भरलेल्या त्या मंचावर ही सावळी, दातांना तारा लावलेली मुलगी भडक रंगांचे कपडे घालून सॅक्सोफोनच्या साथीने बाजार, जाहिराती, कृत्रिम वस्तू आणि बाईवर लादलेली बंधने यांविषयी गात होती. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध जी प्रचंड सभा झाली, तिच्या मंचावरही ती होती. त्याच वर्षी तिचा अल्बम आला आणि पुढच्याच वर्षी तिने बँड सोडला. सततचे दौरे, लोकांच्या नजरा आणि ढासळलेले मानसिक स्वास्थ्य यांचा तो परिणाम होता. त्यातही तिच्या आजाराचे निदान डॉक्टरांनी आधी चुकीचे केले होते. त्यामुळे मध्यलय, आपला भाराचा प्रश्न येथे लागू पडतो. फक्त तो भार शब्दांचा नव्हता, ते शब्द एकटीने सर्वांसमोर उभे राहून म्हणण्याचा होता. विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीकडून आपण किती अपेक्षा करतो, याचा विचार मला तो अल्बम ऐकताना दर वेळी छळतो.

उत्तररात्र:
दोन गोष्टी जोडतो. पहिली, प्रत्येक बँड मोडतोच असे नाही. कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रोचा 'मिनिटमेन' हा बँड कामगारांच्या जगण्यावर अतिशय नेटकी, बहुधा दोन मिनिटांच्या आतली गाणी करत होता. १९८५ च्या डिसेंबरात गाडीच्या अपघातात त्यांचा गायक-गिटारवादक डी. बून गेला, तो अवघ्या सत्तावीस वर्षांचा असताना, आणि बँड तेथेच थांबला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बँड संपला तरी शब्द पुढे जातात आणि तेव्हा त्यांचा अर्थ समजावून सांगायला बँड नसतो. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या शाळेत गोरा म्हणून आलेल्या अनुभवावर मकायने 'मायनर थ्रेट'साठी एक गाणे लिहिले. कातडीच्या रंगावरून कोणालाही दोषी धरू नये, असा त्याचा रोख होता. पुढे वंशद्वेष्ट्यांनी ते आपलेच मानले, आणि १९९६ मध्ये 'स्लेअर' या मेटल बँडने ते गाताना शेवटी एक शब्द असा बदलला की मूळ अर्थच उलटला. मिनिटभराच्या गाण्यात विचार बसवण्याची ही किंमत आहे आणि ती आपण मान्य केली पाहिजे.

मध्यलय:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. झिम्मा, पॉली स्टायरीनविषयी आपण लिहिलेले वाचून तिचा अल्बम मी पुन्हा पहिल्यापासून लावला आहे. या वेळीही वही जवळ आहे. उत्तररात्र यांनी सांगितलेले ते गाणेही त्यानंतर उतरवून घेईन आणि दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहून पाहीन.