रात्री नाचणाऱ्या पोरींनी सुरक्षा मागायचीच नाही का?

रात्रपाळी
काल इथे एकाने लिहिलं, "क्लबात नाचायला जातात आणि वर सुरक्षा मागतात. एवढी भीती वाटते तर घरी बसा." खाली कितीतरी जणांनी 'बरोबर' म्हटलं. मला रात्रभर झोप लागली नाही.

मी सहा वर्षं गोव्यात कळंगुट-बागा पट्ट्यातल्या क्लबांत नाचले. बेली डान्स, सीझनला ग्रुपमध्ये बॉलिवूड. गुडघा गेला म्हणून सोडलं. आम्हाला भीती कशाची असते ते त्या माणसाला ठाऊकच नाही. हात लावणारं गिऱ्हाईक चारचौघांत असतं, बाउन्सर त्याला बाहेर काढतो. घात होतो तो आमचे शो ठरवणाऱ्या कोऑर्डिनेटरकडून. सीझन सुरू होताना तो अॅडव्हान्स देतो, 'व्हेरिफिकेशन'च्या नावाखाली आधार कार्ड ठेवून घेतो. खोली त्याची, गाडी त्याची. मग ऐन डिसेंबरात एका रात्री सांगतो, आज शो क्लबात नाही, आसगावच्या व्हिलात आहे, बॅचलर पार्टी. नको म्हटलं तर अॅडव्हान्स परत दे आणि खोली सोड.

म्हणून नव्या पोरींना सांगते: आधारची झेरॉक्स द्या, कार्ड देऊ नका. परतीचा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, आपल्या ओळखीचा, त्याचं भाडं आपल्या खिशातून. व्हिलात एकटीने जायचं नाही. मेकअपला बसण्याआधी मागचं दार कुठे आहे, उघडतं का, ते स्वतः बघायचं. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या क्लबला आग लागली तेव्हा स्टेजवर नाच चालू होता. २५ माणसं गेली, बहुतेक तिथेच कामाला असलेली. त्यांनीही घरीच बसायचं होतं का?

म्हापसेकर
'बरोबर' म्हणणाऱ्यांत मी होतो. आग कुठेही लागते, ती यात आणू नका. माझी पुतणी संध्याकाळी बागा रोडवरून येत होती, गाडी थांबवून तिला रेट विचारला. तिने काय केलं होतं? ही नाचगाणी बंदच करा, महाराष्ट्रात केली तशी.

वकीलबाई, पर्वरी
महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घातली. हायकोर्टाने ती २००६ मध्ये रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला. मग २०१६ चा कायदा आला, त्यातल्याही बऱ्याच अटी २०१९ मध्ये उडाल्या. नोटा उधळायला मनाई तेवढी राहिली. मधल्या काळात बेकार झालेल्या बायका कुठे गेल्या, तेही विचारा.

रात्रपाळी, आणखी एक. मालक म्हणतात, "ती आमची कामगार नाही, आर्टिस्ट आहे." ऐकू नका. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवर किंवा ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही लागू आहे. दहा माणसं कामाला असली की तिथे तक्रार समिती हवी, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कपडे बदलताना कोणी चोरून व्हिडिओ काढला तर न्याय संहितेचं कलम ७७. "आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

अभंगप्रेमी
आपल्याकडे कलावंतिणी देवळात नाचत, त्यांना मान होता. या मुलींनी तशी कला शिकावी, कोणी वाकड्या नजरेने बघणार नाही.

फोंड्याची
हे वाक्य मागे घ्या. माझी पणजी त्याच घरातली. पोरवयात तिचा शेंस झाला, म्हणजे देवळाच्या सेवेला वाहण्याचा लग्नासारखा विधी; तिला कोणी विचारलं नव्हतं. पुढे येजमान, म्हणजे तिला ठेवणारा पुरुष, कोण तेही इतरांनीच ठरवलं. याला मान म्हणता? आमच्या समाजाला गोमंतक मराठा समाज हे नाव आयतं मिळालेलं नाही. राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी त्यापायी आयुष्य घातलं.

अभंगप्रेमी
त्याच घराण्यांतल्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेला. हा मान नव्हे?

फोंड्याची
तो त्यांनी गळ्यावर मिळवला. देवळाच्या चालीने दिलेला नाही. इथे एवढा मान होता तर केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर अशा गायिका मुंबईत का राहिल्या? तुम्हाला गाणं हवं असतं, गाणारीच्या आईचे हाल नको असतात.

अभंगप्रेमी
आवाज चढवू नका. मीही याच मातीतला आहे.

फोंड्याची
चढवणार. आमच्या घरात तीन पिढ्या यावर कोणी बोललं नाही.

अभंगप्रेमी
'मान' हा शब्द मागे घेतो. कलेबद्दलचं घेत नाही.

फोंड्याची
नका घेऊ. पण पणजीला 'नको' म्हणता येत नव्हतं. व्हिलाचं वाचून मला तीच आठवली.

म्हापसेकर
देवळापर्यंत पोचलात, माझ्या पुतणीचं कोणी बोललं नाही.

रात्रपाळी
दादा, तिला विचारणारा तोच, जो आम्हालाही विचारतो. माझा राग त्याच्यावर आहे, तुमचा माझ्यावर का?

एकदा व्हिलात वरच्या मजल्यावर नेऊन बाहेरून कडी घातली. मी न्हाणीघरातून पायलटला फोन लावला. तो गेटवर येऊन हॉर्न वाजवत राहिला. शेजारच्या घरातली म्हातारी बॅटरी घेऊन बाहेर आली, मग कडी निघाली. ती म्हातारी मला ओळखतही नव्हती.

म्हापसेकर
११२ ला फोन करायचा.

रात्रपाळी
कार्ड त्याच्याकडे, खोली त्याची. पोलीस गेल्यावर मी कुठे जाणार होते? आणि आले असते तर पहिला प्रश्न मलाच, "तू इथे कशाला आलीस?" तुम्हीही काल तेच विचारलंत.

पायलट, कळंगुट
ओळखीचं कोणी नसेल तर स्टँडवर येऊन विचारा. पिवळ्या मडगार्डची गाडी बघून बसा. रात्री उशिरा रेंटच्या गाडीवर अनोळखी माणसामागे बसू नका.

म्हापसेकर
माझा भाचा बागा इथल्या एका किचनमध्ये कामाला आहे, तळघरात. आगीनंतर त्याच्या आईने विचारलं, बाहेर पडायला दारं किती? म्हणाला, एक. तेव्हापासून तो घरी येईपर्यंत ती झोपत नाही. दाराचं तुमचं म्हणणं मान्य. नाचाचं नाही.