मदत हवी आहे: बर्टी फोग्ट्ससारखं मॅन-मार्किंग मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी १४ वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. संघात उजव्या बॅकला खेळणारा एक मुलगा आहे. चणीने लहान, पण पायाला भिंगरी. ‘उंची नाही, मला बाहेर बसवणार’ ही भीती त्याच्या मनातून जावी म्हणून त्याला १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलमधला पश्चिम जर्मनीचा बचावपटू फोग्ट्स दाखवला. त्याचं मॅन-मार्किंग, म्हणजे समोरच्या एकाच खेळाडूला सामनाभर चिकटून राहणं. उंची १.६८ मीटर, टोपणनाव ‘टेरियर’. ग्लाडबाख क्लबकडून बुंडेसलिगाचे (जर्मन लीगचे) ४१९ सामने आणि पाच विजेतेपदं, पश्चिम जर्मनीकडून ९६ सामने.

त्या फायनलची सुरुवात फोग्ट्ससाठी फार वाईट होती. नेदरलँड्सचा स्टार क्रायफ मागे मध्यावर आला, चेंडू घेतला आणि त्याला चकवून सरळ आत घुसला. जर्मनीच्या हनेसने त्याला पाडलं, पेनल्टी, नीस्केन्सचा गोल. तोवर एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागला नव्हता! पाठोपाठ फोग्ट्सला पिवळं कार्डही मिळालं. पुढचा जवळजवळ अख्खा सामना एका कार्डावर खेळूनही त्याने क्रायफला मोकळा श्वास घेऊ दिला नाही. जर्मनी २-१ ने जिंकली. आमचा हा छोटा खेळाडू डोळे विस्फारून बघत होता.

आता अडचण. रविवारच्या सामन्यात तो समोरच्या फॉरवर्डमागे थेट मध्यापर्यंत गेला, मागे खिंडार पडलं आणि तिथूनच गोल झाला. मुलगा रडला. चूक माझी होती. फोग्ट्सच्या पाठीशी बेकेनबाउर लिबेरो म्हणून (म्हणजे स्वीपर, कुणालाही न चिकटता मागची मोकळी जागा सांभाळणारा) उभा होता, हे मी त्याला सांगितलंच नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून फोग्ट्सने जर्मनीला १९९६ चा युरो जिंकून दिला, तेव्हाही मागे लिबेरो म्हणून झामर होताच. आम्ही मात्र चौघांच्या सरळ रेषेत खेळतो.

जाणकारांनी कृपया सांगावं: या वयात मागे एक स्वीपर ठेवावा, की माणूस कुठे सोडायचा आणि शेजारच्याने कुठे उचलायचा हेच शिकवावं? आवाज कुणी द्यायचा? चेंडूऐवजी समोरच्याच्या कमरेकडे बघ, असं सांगून पाहिलं. एकास-एक सरावात जमतं, सामन्यात विसरतो. दोनास-दोनचे काही सराव असतील तर मैदानाच्या मापासकट लिहा. त्याची चिकाटी मोडायची नाहीये, फक्त कुठवर धावायचं ते त्याला कळायला हवं.