मदत हवी आहे: चिखलात न घसरणारे सायकलिंगचे बूट

डोंगरवाट: शनिवारच्या आत बूट घ्यायचेत. पाऊस सुरू झाल्यापासून वेताळ टेकडीवर पाय सटासट सरकतायत. परवा नडगी सोलवटली. बजेट ५ हजार, नंबर ९. कुठले घेऊ? फक्त नाव सांगा, प्रवचन नको.

गिअरवेडा: पेडल कुठलं? साधं फ्लॅट की बूट अडकवायचं क्लिपवालं?

कातळकडा: ॲक्शन ट्रेकिंग. विषय संपला. ओल्या कातळावर जळवेसारखा चिकटतो. उरलेल्या पैशांत मिसळ खा.

गिअरवेडा: ट्रेकला ठीक आहे हो. सोल वाकतो, दोन तास पेडल मारलं की तळपाय ठणकतो. शिवाय खोल नक्षी पेडलच्या पिनांवर, म्हणजे पकडीच्या बारीक खिळ्यांवर, नीट बसत नाही. फ्लॅटला मऊ रबराचा सपाट सोलच हवा.

कातळकडा: अकरा वर्षं तोच घालून चालवतोय. तळपाय जागेवर आहेत.

डोंगरवाट: पेडल सायकलबरोबर आलेलं तेच, प्लास्टिकचं. बुटाचं बोला.

पेन्शनर_पेडल: बूट राहू द्या, धातूचं पिनावालं पेडल घ्या. डाव्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मी भलतीकडे जोर लावून बोटांची सालं काढून घेतली होती.

क्लिपलेस_काका: एसपीडी म्हणजे शिमानोचं क्लिपवालं पेडल लावा, पाय सरकायचा प्रश्नच मिटला. बूट दोन बोल्टवालेच, क्लीट (पेडलमध्ये अडकणारी बुटाखालची पट्टी) सोलच्या खाचेत राहते म्हणून चालता येतं. रोडचे तीन बोल्टवाले नकोत. नवखे असाल तर शिमानोची एसएच५६ क्लीट, घाबरून पाय कसाही ओढला तरी सुटतो.

गिअरवेडा: ५ हजारांत पेडल आणि बूट दोन्ही? काका, कुठल्या साली घेतले होते?

मुठाकाठी: अवांतर: पावसात टेकडीवर सायकली नेऊच नका. पायवाटांचे ओहोळ झालेत.

डोंगरवाट: अहो, पेडलवरून सरकतो असं कुठे म्हटलं मी? खाणीजवळच्या चढावर उतरून ढकलताना सरकतो. पायात जुने रनिंगचे बूट, सोल पार गुळगुळीत.

कातळकडा: दुसरा प्रतिसाद परत वाचा. माझा आहे.

पेन्शनर_पेडल: ढकलताना नडगी कशी सोलवटली?

डोंगरवाट: पाय गेला, सायकल अंगावर आली, पेडल नडगीवर.

पेन्शनर_पेडल: अरे देवा. मग पिनावालं घेऊ नका! आधी सांगायचं ना.

क्लिपलेस_काका: एसपीडीला पिना नसतात.