दिवसा पतसंस्थेचा अहवाल, रात्री मुलाचं गेमिंग: दोघांत एक कीबोर्ड, कोणता घेऊ?

चिपळूणची_डीटीपी

नमस्कार मंडळी. मी घरीच डीटीपीची कामं करते. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका. टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये (सरकारी मराठी कीबोर्ड मांडणी), दिवसाला बारा-पंधरा पानं सहज होतात. रात्री नऊनंतर तेच मशीन मुलाच्या ताब्यात जातं. तो डिप्लोमाला आहे आणि व्हॅलोरंट खेळतो.

नऊ महिन्यांपूर्वी त्याच्याच सांगण्यावरून ऑनलाइन एक स्वस्तातला मेकॅनिकल ‘गेमिंग’ कीबोर्ड घेतला. लायटिंग अशी, की गणपतीच्या मखराला लावावा. आता त्याचं डी बटण एकदा दाबलं की दोनदा उमटतं. इंग्रजीवाल्यांना याचं काही वाटणार नाही, पण इनस्क्रिप्टमध्ये डी म्हणजे पाय मोडायचं बटण. नुसतं ‘स्वातंत्र्य’ लिहायला ते तीनदा लागतं. परवा अहवालाचं प्रूफ परत आलं, तर ‘अध्यक्ष’मधल्या ध आणि य यांच्यात ठिपक्यांचं वर्तुळ, आणि त्याभोवती सचिवांनी लाल पेनने काढलेलं दुसरं वर्तुळ. शेवटी ‘दोन हलंत शोध, एक कर’ असं फाइंड-रिप्लेस चालवलं. 64 पानांत 211 निघाले.

सध्या माळ्यावरचा जुना रबरी कीबोर्ड काढून लावलाय. माझं भागतंय, पण चिरंजीवांची तक्रार अशी की पुढे आणि डावीकडे जाताना शिफ्ट धरून स्पेस दाबला तर माणूस उडीच मारत नाही.

याआधी माझ्याकडे टीव्हीएस गोल्ड होता. बँकेत, कोर्टात वाजतो तोच. बोटांना फार आवडायचा. 22 जुलै 2021 च्या पुरात तो गेला, टेबलासकट. पण तसलाच पुन्हा घेता येत नाही, कारण सासूबाई मधल्या खोलीत झोपतात आणि मधे नुसतं प्लायचं पार्टिशन आहे. गोल्ड वाजायला लागला की त्या म्हणायच्या, “पत्र्यावर पाऊस पडतोय का गं?”

बजेट चार हजार, त्यावर नाही. मुलाला आखूड कीबोर्ड हवाय, माउसला जागा राहते म्हणून. मला फक्त बोटं आणि मनगट दुखायला नको, आणि पुढच्या गणपतीला परत हीच पोस्ट टाकायला नको.

पिंग_नव्वद (पुणे)

ताई, आधी उडीचं सांगतो. रबरी कीबोर्डात दोन प्लास्टिकच्या पातळ शीट असतात, त्यावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी छापलेली असते. ठरावीक तीन-चार बटणं एकदम दाबली की कुठलं दाबलंय ते त्या जाळीला कळत नाही, मग ती शेवटचं बटण सोडूनच देते. मुलगा खोटं बोलत नाहीये. नवीन घेताना खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेलं बघा, म्हणजे कितीही बटणं एकदम दाबली तरी सगळी लागू होतात.

आता स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालचा खटका. तुमच्या जुन्या गोल्डमध्ये चेरी कंपनीचे निळे असायचे. निळ्यात दाबताना एक टिचकी बसते, तोच तो पाऊस. ते रात्री नकोत, आणि गेमलाही नकोत. त्यात बटण लागू होण्याची जागा आणि सुटण्याची जागा वेगवेगळी असते, त्यामुळे तेच बटण पटापट दाबायचं तर दर वेळी बोट जास्त वर आणावं लागतं. लाल स्विच सरळ खाली जातो, मधे काही अडत नाही. चेरीचा लाल साधारण 45 ग्रॅम भाराला लागू होतो, एकूण 4 मिलिमीटरच्या प्रवासात 2 मिलिमीटरवर. तपकिरी थोडा जड, अर्ध्या वाटेवर बोटाला हलका खडा लागल्यासारखा, पण टिचकी नाही. चेरीचंच घ्या असं नाही. मूळ पेटंट कधीच संपलंय, गॅटेरॉन, कायल, आउटेमू यांचे त्याच धाटणीचे स्विच स्वस्त पडतात आणि चांगले असतात.

मुलगा बहुतेक मॅग्नेटिक स्विचचा, रॅपिड ट्रिगरचा हट्ट धरेल. त्यात पत्र्याचा संपर्कच नसतो, चुंबक किती खाली आलं ते सेन्सर मोजतो, आणि बोट जरा वर उचललं की बटण सुटलं असं धरतो. खेळायला मस्त, खोटं कशाला बोलू. पण बोट टेकवून बसलं की आपोआप अक्षरं उमटतात तशी सेटिंग ठेवून अहवाल टाइप करायचा म्हणजे शिक्षा. शिवाय त्यातली डावी-उजवी आपोआप बदलणारी सोय काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये ऑगस्ट 2024 पासून चालत नाही, अधिकृत सर्व्हरवर सामन्यातून बाहेर काढतात. म्हणजे त्यासाठी पैसे मोजून उद्या दुसरा गेम धरला तर पंचाईत.

माझं मत: 75 टक्के आकाराचा (नंबरपॅड नाही, बटणं दाटीने बसवलेली), हॉट-स्वॅप, लाल किंवा तपकिरी, वायरचा. हॉट-स्वॅप म्हणजे स्विच सोल्डरिंगचा डाग न काढता उपटता येतो. पुन्हा डी बिघडला तर एक स्विच बदला, पूर्ण कीबोर्ड नाही. ब्लूटूथच्या नादाला लागू नका.

निवृत्त_टंकलेखक (सातारा)

75 टक्के अजिबात घेऊ नका. वरच्या चिरंजीवांनी स्विचचं छान सांगितलं, पण त्यांनी इनस्क्रिप्टमध्ये एक परिच्छेद तरी टाइप केलाय का?

सांगतो का ते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला. साधी मात्रा तशीच, आणि सुटा स्वर शिफ्ट धरून. म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ए, ओ, झालंच तर ण, ही सगळी डाव्या हाताची बटणं, आणि डाव्या हाताच्या बटणाला शिफ्ट धरायचा तो उजव्या करंगळीने. तुम्ही शिकलेल्या टायपिस्ट दिसता, तुम्ही तेच करत असणार. आखूड कीबोर्डात उजवा शिफ्ट कापून त्याच्याशेजारी वरचा बाण घुसवलेला असतो. करंगळी सवयीने जिथे जाते तिथे शिफ्ट नसतो, बाण असतो. मी मुलीच्या तसल्या कीबोर्डावर एक अर्ज टाइप केला. ‘आपणास’ लिहायला गेलो, पहिलाच आ, आणि कर्सर वरच्या ओळीत. आमचा कानाच तेवढा ‘महोदय’ या शब्दात जाऊन बसला. अर्ध्या तासात संताप आला.

87 बटणांचा घ्या. नंबरपॅड नसतो त्यामुळे माउसला जागा होते, आणि उजवा शिफ्ट पूर्ण लांबीचा मिळतो. 75 टक्क्यांपेक्षा तो तीन-चार सेंटिमीटरच रुंद, तेवढ्याने तुमच्या मुलाचा नेम चुकत असेल तर दोष कीबोर्डाचा नाही. ताळेबंदाच्या आकड्यांसाठी सुटा नंबरपॅड मिळतो.

आणि तपकिरी. लालवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतं. आम्ही रेमिंग्टनच्या मशीनवर शिकलो, तिथे शिफ्ट दाबणं म्हणजे करंगळीचा व्यायाम. ती सवय असलेल्या बोटाला थोडा अडथळा लागतो.

पिंग_नव्वद

काका, शरणागती. मी मराठी फोनेटिकमध्ये, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने लिहितो, हे डोक्यातच आलं नाही. ताई, 87 च घ्या.

डाग_आणि_चहा (मुंबई, दुरुस्तीचं काम)

डी दोनदा उमटण्याला आमच्यात चॅटरिंग म्हणतात. स्विचच्या आत दोन पातळ पत्र्या असतात. त्या टेकताना क्षणभर थरथरतात, तेवढा थरथराट कीबोर्ड गाळून टाकतो. पत्री काळी पडली किंवा तिच्यातला ताण गेला की थरथर लांबते, आणि कीबोर्डला वाटतं दोनदा दाबलं.

आता हिशेब बघा. चांगल्या स्विचला कंपन्या पाच कोटी, काही दहा कोटी दाबांची हमी लिहितात. तुम्ही डी दिवसाला पाच हजार वेळा दाबलात तरी पाच कोटी व्हायला सत्तावीस वर्षं लागतील. तुमचा नऊ महिन्यांत गेला. म्हणजे झिजून गेला नाही, एक तर माल हलका, नाही तर हवा लागली. पावसाळ्यात कोकणातून येणारे कीबोर्ड उघडले की मला वासावरून कळतं. रात्री काम संपलं की वरून कापड टाका. प्लास्टिक नको, आत दमट राहतं.

आणि डीच का गेला, एस का नाही गेला? ताई, गेममध्ये उजवीकडे सरकायचं बटण कुठलं ते मुलाला विचारा. दिवसा तुम्ही पाय मोडताय, रात्री तो. त्या बिचाऱ्याला सुट्टीच नाही.

हॉट-स्वॅप घेणार असाल तर एक युक्ती. स्क्रोल लॉक कोणी वापरत नाही. डी बिघडला तर तिथला स्विच काढून डीच्या जागी बसवा, कीकॅप मात्र आपापल्या ठेवा. बसवताना खालच्या दोन पिना सरळ आहेत ना ते बघा, वाकडी पिन दाबली की आत दुमडते आणि बटण मुकं होतं. पाच पायांचे स्विच घेताना आधी कीबोर्डच्या भोकांकडे बघा, काहींत तीनच बसतात.

दुकानात घेणार असाल तर नोटपॅड उघडून दोन्ही शिफ्ट, स्पेस आणि एंटर कोपऱ्यांवर दाबून बघा. लांब बटणांखाली तार असते, स्वस्त मालात ती खडखडते. रात्री सासूबाईंना स्विच नाही, ती तार उठवेल.

चिपळूणची_डीटीपी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, घेतला. भाचा मुंबईला असतो, त्याने लॅमिंग्टन रोडवरून आणला. 87 बटणं, हॉट-स्वॅप, तपकिरी, वायरचा, 3,450 रुपये. दुकानदाराने भाच्याला तीनदा विचारलं म्हणे, “एंटरचा कोपरा कशाला दाबतोयस?” दहा सुटे लाल स्विच वेगळे घेतले, मुलाच्या समाधानासाठी.

टायपिंग सुंदर होतंय. खाली खाली दाबण्याची सवय सुटली, खडा लागला की बोट आपोआप परत फिरतं. कीबोर्डखाली जुन्या सतरंजीचा तुकडा घातला, त्याने आवाज निम्मा झाला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “हल्ली रात्री काम करत नाहीस का?”

पण दोन अडचणी. एक, हा जुन्यापेक्षा फार उंच आहे, संध्याकाळी मनगटाच्या वरच्या बाजूला ओढ लागते. दुसरी मुलाची. खेळता खेळता मधेच कीबोर्ड मराठी होतो. सामना संपल्यावर ‘जीजी’ (गुड गेम) लिहायला गेला, तर चॅटमध्ये दोन उकार गेले, अक्षराशिवाय. समोरच्या टीममधल्या कोणीतरी विचारलं, ही कुठली शिवी.

पिंग_नव्वद

😄 ऑल्ट आणि डावा शिफ्ट एकदम दाबला की विंडोज भाषा बदलते, गेममध्ये ती दोन्ही बटणं अंगठा आणि करंगळीखालीच असतात. सेटिंग्जमध्ये टायपिंग, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, त्यात इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे तो शॉर्टकट काढून टाका. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस आहेच. आणि शिफ्ट पाचदा दाबल्यावर स्टिकी कीजची खिडकी येते, तीही बंद करा, तुमच्या कामातही कधीतरी मधे कडमडली असेल.

निवृत्त_टंकलेखक

मागचे पाय उघडलेत का? मिटा. कीबोर्ड मागून उचलला की मनगट वर दुमडतं, ओढ तिथूनच लागते. ते पाय लोक उगाच उघडतात. तरी उंच वाटला तर पुढे पंचाची घडी ठेवा, कीबोर्डच्या पुढच्या कडेइतकी उंच. तिच्यावर तळहात टेकायचा तो थांबल्यावर. टाइप करताना हात तरंगताच हवा. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर टेबलाच्या पातळीला येईल, पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा.

चिपळूणची_डीटीपी

पाय मिटले. घडी पंचाची नाही, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची केली, ती जास्त मऊ बसते. दोन दिवसांत ओढ बरीच कमी झाली. काका, पाटाचं अगदी बरोबर, माझे पाय लोंबकळतच होते. भाषेचा शॉर्टकट मुलाने काढला.

आता घरात नवीन भांडण आहे. त्याला चालायची चारही बटणं लाल हवीत, डब्ल्यू, ए, एस आणि डी. मी डी द्यायला तयार नाही, लालवर माझे पाय भलत्याच अक्षरांचे मोडतात. रविवारी बसून बसवले: तीन लाल, डी तपकिरी. तो म्हणतो डावीकडे लोण्यासारखं जातं, उजवीकडे जाताना खडा लागतो. म्हटलं, लागू दे.

डाग_आणि_चहा

स्क्रोल लॉकचा स्विच अजून जागेवर आहे ना, तेवढं रोज सकाळी तपासत जा.