मदत हवी आहे: तळ्याकाठी तळलेल्या वॉलाय माशाचं रव्याचं कवच सुटतं

कॅनडात, ऑन्टारिओतल्या क्वेटिको पार्कात चौघांची कनू (वल्ह्याची हलकी होडी) सहल आहे. दुपारचं जेवण म्हणजे ताजा धरलेला वॉलाय. टाकाऊ डबे-बाटल्यांना आत बंदी, म्हणून अर्धा लिटर तेल पुन्हा वापरायच्या बाटलीत नेतो. 10 इंची कार्बन स्टीलचा खोलगट तवा (बिडाचा खांद्यावर कोण वाहणार!), आणि घरूनच मिसळलेलं कोरडं पीठ: 1 वाटी बारीक रवा, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, 2 चमचे तिखट, हळद, मीठ.

अडचण अशी: तुकड्यांना कोकमाचं आगळ आणि मीठ लावून 15 मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं, रवा भिजतो, तेलात सुटून तळाशी करपतो, आणि पुढच्या घाण्याला कडू वास लागतो. पुसून, घोळवून लगेच सोडलं तर कवच टिकतं, पण आंबटपणा अजिबात लागत नाही. आगळाऐवजी पिठातच आमचूर घातला तर चालेल का? किती?

शिवाय अगदी ताज्या माशाची तुकडी तेलात कातडीच्या बाजूने आकसून वळते, मधला भाग कच्चा राहतो. कातडीवर 2 आडव्या चिरा देऊन थोडा फरक पडतो. कातडी सरळ काढूनच टाकावी का?

चुलीवर तेलाचं तापमान टिकवायला एका वेळी किती तुकडे सोडता? तीनच्या वर गेलं की तेल थंड पडतं. पाइक (तिथलाच दुसरा मासा) मिळाला, तर त्याच्या वाय आकाराच्या काट्यांचं काय करता? आणि उरलेलं तेल? अस्वलांचा भाग आहे, तिथे ओतून देता येणार नाही.